विजयाची मालकी

१६ डिसेंबर १९७१ रोजी दुपारी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर जनरल नियाझी यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली आणि आपल्यापुरती ती लढाई तिथे संपली. मान खाली घातलेले नियाझी, शेजारी जनरल अरोरा, ९३ हजार युद्धकैदी आणि निर्वासितांसाठी पत्रावर लावावे लागणारे पाच पैशांचे जादा तिकीट, साधारण एवढ्यावर मराठी घरांतल्या १९७१ च्या आठवणी थांबतात. ज्यांचा देश त्या सहीतून उभा राहिला त्यांचे अवघड काम मात्र १७ डिसेंबरला सुरू झाले. तिथपासून १५ ऑगस्ट १९७५ पर्यंतच्या पावणेचार वर्षांत तिथे काय घडले, याविषयी आपल्याकडे फारच कमी लिहिले गेले आहे. बांगलादेशाचे पुढचे सगळे राजकारण त्याच काळात ठरून गेले.

माझे म्हणणे असे आहे. स्वातंत्र्ययुद्ध जिंकलेल्या देशाच्या हाती अभिमान आयता येतो. राजकीय एकोपा मात्र नव्याने कमवावा लागतो आणि तो कमावण्याची वाट मतभेदांतून जाते. बांगलादेशाच्या पहिल्या नेतृत्वाने अभिमानालाच एकोपा मानले, पुढे एकोपा म्हणजे एक पक्ष असे मानले आणि शेवटी पक्ष म्हणजे एक माणूस असे ठरवले. लाखो लोकांनी ज्या लढ्यासाठी सोसले, तो लढा या प्रत्येक पायरीवर आकसत गेला.

युद्धाच्या नऊ महिन्यांत सगळे एकदिलाने लढले, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. शेख मुजीबुर रहमान पश्चिम पाकिस्तानच्या तुरुंगात होते. १७ एप्रिल १९७१ रोजी मेहेरपूरजवळच्या आमराईत शपथ घेतलेले हंगामी सरकार पंतप्रधान ताजुद्दीन अहमद चालवत होते. त्यांच्या पक्षातलेच तरुण नेते त्यांना मानायला तयार नव्हते. मुक्तिबाहिनीपासून वेगळी, ताजुद्दीन यांच्या हुकमतीबाहेरची ‘मुजीब बाहिनी’ नावाची फौज तयार झाली होती. परराष्ट्रमंत्री खोंदकार मुश्ताक अहमद यांच्या गोटाचे अमेरिकनांशी परस्पर संधान सुरू होते. डाव्यांचे गट आपापल्या परीने लढत होते. एवढी ओढाताण असताना ताजुद्दीन यांनी काय केले? सप्टेंबर १९७१ मध्ये त्यांनी सर्वपक्षीय सल्लागार समिती नेमली. त्यात मौलाना भासानी होते, कम्युनिस्ट पक्षाचे मणी सिंह होते, नॅशनल अवामी पार्टीचे प्रा. मुझफ्फर अहमद होते आणि तिथल्या काँग्रेसचे मनोरंजन धर होते. समितीच्या हाती अधिकार फारसे नव्हते, हे खरे. पण लढा आमचाही आहे असे म्हणणाऱ्याला बसायला तिथे एक खुर्ची होती. संकटकाळात देशाचा आवाज एकच हवा, असे सांगणाऱ्यांनी ही समिती लक्षात घ्यावी. गोळ्या चालू असताना जे परवडले, ते विजयानंतर परवडले नाही.

१० जानेवारी १९७२ रोजी मुजीब ढाक्याला परतले. त्या दिवशी लोटलेल्या गर्दीत खोटे काही नव्हते. हा माणूस त्या लोकांचा होता. त्याच्या नावाने लढाई लढली गेली होती आणि त्याच्यासमोर जे काम पडले होते ते कोणाचीही छाती दडपेल असे होते. एक कोटी निर्वासित परतत होते. पद्मेवरचा हार्डिंज पूल तुटलेला होता. चितगाव बंदर सुरुंगांनी आणि बुडालेल्या जहाजांनी अडले होते. ते साफ करायला सोव्हिएत नौदलाला यावे लागले. अशा अवस्थेत मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य माघारी गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संविधान मंजूर झाले. पाकिस्तानला संविधान करायला नऊ वर्षे लागली होती. या कामगिरीचे श्रेय मुजीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मनापासून दिले पाहिजे.

पण त्याच महिन्यांत एक निर्णय झाला, आणि पुढचे बरेचसे त्यातून आले. लढ्यात सामील झालेल्या सगळ्या पक्षांचे राष्ट्रीय सरकार बनवावे अशी मागणी होती. ती मानली गेली नाही. १९७० च्या निवडणुकीत निवडून आलेल्या लोकांची संविधानसभा बनली आणि तिच्यात मुजीब यांच्या अवामी लीगबाहेरचे सदस्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. कायद्याने पाहता यात गैर काही नव्हते. लोकांनी त्यांनाच निवडून दिले होते. पण १९७० चे मत पाकिस्तानात राहून स्वायत्तता मागण्यासाठी दिलेले होते. १९७१ मध्ये जे घडले त्यात शेतकऱ्याचा पोरगा होता, कॉलेजातला डावा विद्यार्थी होता, पाकिस्तानी सैन्यातून बंड करून आलेला बंगाली सुभेदार होता, सीमेवरचे आदिवासी होते. त्यांतल्या अनेकांना आपल्याच विजयात वाटा मिळाला नाही.

मानवेंद्र नारायण लारमा यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. चितगावच्या डोंगराळ भागातून अपक्ष म्हणून निवडून आलेले हे चाकमा सदस्य. त्यांच्या लोकांनी साठच्या दशकात काप्ताई धरणात आपली सुपीक जमीन गमावली होती. सुमारे एक लाख माणसे विस्थापित झाली आणि त्यांतली हजारो भारतात येऊन आजच्या अरुणाचल प्रदेशात स्थिरावली. नव्या संविधानाच्या सहाव्या कलमात नागरिकांना ‘बंगाली’ म्हणून ओळखले जाईल असे लिहिण्याची दुरुस्ती मांडली गेली, तेव्हा लारमा सभागृहात उभे राहिले. बांगलादेशाचे नागरिक असण्याला त्यांची हरकत नव्हती. पण मी चाकमा आहे, माझे वाडवडील बंगाली नव्हते आणि तुमच्या ठरावाने मी बंगाली होणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दुरुस्ती मंजूर झाली. लारमा सभात्याग करून बाहेर पडले.

ज्या देशाने आपल्या भाषेसाठी, कोणी दुसऱ्याने लादलेली ओळख झुगारण्यासाठी एवढे रक्त सांडले, त्याच देशाने पहिल्याच वर्षी आपल्या पोटातल्या लहान समाजावर आपली ओळख लादली. यामागे क्रूर हेतू होता असे मला वाटत नाही. अभिमान इतका भरून आला होता की, त्याच्याबाहेर कोणी उभे असेल ही कल्पनाच सुचली नसावी. परिणाम मात्र क्रूरच झाला. डोंगराळ भागात शांतिबाहिनी उभी राहिली आणि २ डिसेंबर १९९७ च्या करारापर्यंत, म्हणजे वीसहून अधिक वर्षे, तिथे लष्कर आणि गनिमी लढाई हेच रोजचे जगणे होऊन बसले. लारमा स्वतः १९८३ मध्ये आपल्याच चळवळीच्या फुटीर गटाकडून मारले गेले. आणि २०११ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने सहाव्या कलमात, राष्ट्र म्हणून जनता ‘बंगाली’ म्हणून ओळखली जाईल, हे शब्द पुन्हा घातले.

विजयाची मालकी अशी एकेकाच्या हातून सुटत गेली. वडिलार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर एकाच भावाचे नाव चढले की बाकीचे भाऊ शेतात घाम गाळत असले तरी कागदावर परके होतात, तसे मुक्तियुद्धाचे झाले. इथे तर खराखुरा कागदही होता. मुक्तियोद्ध्यांना प्रमाणपत्रे दिली गेली, आणि नोकरी, परवाना, रिकामे पडलेले घर यांच्या वाटा त्या कागदातून जाऊ लागल्या. साहजिकच १६ डिसेंबरनंतर मुक्तियोद्धे झालेल्यांची गर्दी उसळली. लोक त्यांना ‘सोळावी डिव्हिजन’ म्हणू लागले. हा व्यवहार पुढे कधी थांबलाच नाही. सरकार बदलले की याद्या बदलत राहिल्या, आणि २०१४ मध्ये तर चक्क सचिव पदावरच्या अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रे खोटी निघून रद्द करावी लागली.

तारामन बीबींची हकीकत याच्या अगदी उलट आहे. कुडीग्रामकडची ही गरीब घरची मुलगी मुक्तिबाहिनीच्या अकराव्या सेक्टरच्या छावणीत स्वयंपाकाला आली, तिथेच बंदूक चालवायला शिकली आणि लढली. १९७३ मध्ये ‘बीर प्रतीक’ सन्मानाच्या यादीत तिचे नाव छापले गेले. तो सन्मान मिळालेल्या स्त्रिया दोनच, दुसऱ्या डॉ. सितारा बेगम. पण तारामनला हे कोणी कळवले नाही. ती आपल्या गावी हलाखीत, क्षयाने खंगत जगत होती. मैमनसिंगच्या एका प्राध्यापकाने शोध घेतल्यावर १९९५ मध्ये तिचा पत्ता लागला आणि सन्मान तिच्या हाती पडला. मधल्या बावीस वर्षांत ढाक्यात मुक्तियुद्धाच्या नावाने किती सरकारे आली, किती सभा झाल्या! यादीत नाव असलेल्या बाईला शोधायला एकही खाते कुडीग्रामला गेले नाही. पाकिस्तानी सैनिकांच्या बलात्काराला बळी पडलेल्या ज्या स्त्रियांना मुजीब सरकारने ‘बीरांगना’ असे गौरवाने म्हटले, त्यांना मुक्तियोद्ध्याचा दर्जा मिळायला २०१५ साल उजाडावे लागले. सभेत गौरव करणे सोपे असते. वाटा देताना हात आखडतो.

मार्च १९७३ च्या निवडणुकीत अवामी लीगला ३०० पैकी २९३ जागा मिळाल्या. पक्ष निर्विवाद जिंकणारच होता, तरीही काही मतदारसंघांत मतमोजणीत गैरप्रकार झाल्याचे आरोप झाले. मला त्या संख्येतच धोका दिसतो. २९३ जागांच्या सभागृहात सरकारला खरे कोण सांगणार? त्यात सत्तराव्या कलमाने पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराची जागाच रद्द होई. म्हणजे बाहेरचा विरोधक नाही आणि आतल्याला तोंड नाही. दरम्यान रक्षीबाहिनी नावाचे निमलष्करी दल उभे राहिले होते आणि त्याच्या अटका, मारझोड, बेपत्ता माणसे यांच्या कहाण्या गावोगाव पसरत होत्या. समोर उभे होते जातीय समाजतांत्रिक दल, म्हणजे राष्ट्रीय समाजवादी पक्ष. त्याचे अध्यक्ष मेजर जलील हे नवव्या सेक्टरचे सेनापती, तर सरचिटणीस अब्दुर रब यांनी २ मार्च १९७१ रोजी ढाका विद्यापीठात स्वतंत्र देशाचा झेंडा पहिल्यांदा फडकवला होता. रक्षीबाहिनीतही मुक्तियोद्धेच. दोन वर्षांपूर्वी एका ताटात जेवलेली पोरे आता एकमेकांवर गोळ्या झाडत होती.

मग १९७४ चा दुष्काळ आला. पूर आले, शेतमजुरांची कामे बुडाली, तांदळाचे भाव भडकले, आणि बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेने धान्याची मदत ऐनवेळी अडवून धरली. सरकारी आकडा २७ हजारांच्या आसपास मृत्यूंचा. इतर अंदाज कित्येक लाखांचे आहेत. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिले की, १९७१ ते १९७५ या वर्षांत दरडोई धान्याची उपलब्धता १९७४ मध्येच सर्वाधिक होती. धान्य देशात होते, रंगपूर-मैमनसिंगच्या मजुराला ते विकत घेता येत नव्हते. अशा वेळी सरकारला जागे ठेवणारे लोक लागतात: ओरडणारा विरोधी खासदार, निर्भीड वर्तमानपत्र, राजीनाम्याची धमकी देणारा मंत्री. ताजुद्दीन तेव्हा अर्थमंत्री होते आणि धोरणांविषयी जाहीरपणे नाराजी बोलून दाखवू लागले होते. ऑक्टोबर १९७४ मध्ये मुजीब यांनी त्यांचा राजीनामा घेतला. युद्ध चालवलेला माणूस शांततेत नकोसा झाला.

या संकटावर उपाय काय काढला गेला? २५ जानेवारी १९७५ रोजी चौथी घटनादुरुस्ती एका दिवसात मंजूर झाली. संसदीय पद्धत जाऊन अध्यक्षीय पद्धत आली, देशात एकच पक्ष राहील अशी तरतूद झाली आणि पाठोपाठ ‘बाकशाल’ स्थापन झाला. सरकारी नोकर, लष्करी अधिकारी, पत्रकार सगळे त्यात. जूनमध्ये चार दैनिके सोडून बाकीची बंद करण्यात आली. मुक्तिबाहिनीचे सरसेनापती राहिलेले जनरल उस्मानी यांनी निषेध म्हणून खासदारकी सोडली. त्यांच्यासारखे फार थोडे निघाले.

मुजीब यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. देश उद्ध्वस्त होता, हत्यारे घराघरांत होती, अवामी लीगचे खासदार दिवसाढवळ्या मारले जात होते, सिराज शिकदार यांच्यासारख्यांचे गट सशस्त्र क्रांतीची भाषा करत होते, बाहेरच्या बड्या शक्ती वैरी होत्या. अशा वेळी घडी बसेपर्यंत लगाम एका हाती घ्यावा, एवढाच बाकशालचा हेतू होता, असे ते सांगतात. हेतू तसा असेलही. पण त्याने साधले काय ते पाहावे. विरोधक नाहीसे झाले नाहीत, ते भूमिगत झाले. नाराज खासदार पक्षात गुपचूप बसले. लष्करातल्या असंतुष्टांना तक्रार मांडायला जागा उरली नाही, आणि बंदूक त्यांच्या हातात होतीच. १५ ऑगस्ट १९७५ च्या पहाटे धानमंडी ३२ क्रमांकाच्या घरात शिरून ज्यांनी मुजीब यांना घरात असलेल्या कुटुंबीयांसह, दहा वर्षांच्या मुलासह, रसेलसह ठार केले, त्या अधिकाऱ्यांत मुक्तियुद्धात लढलेले लोक होते. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष झाले ते मुजीब यांच्याच मंत्रिमंडळातले खोंदकार मुश्ताक, आणि त्यांच्या मंत्रिमंडळात शपथ घेणारेही बहुतांश बाकशालचेच. संपूर्ण देश ज्यात सामावला होता तो पक्ष आपल्या संस्थापकासाठी रस्त्यावरसुद्धा उतरू शकला नाही. सक्तीच्या एकोप्याची खरी किंमत काय, हे कळायला यापेक्षा स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

पुढचे रक्त त्याच विहिरीतले. ३ नोव्हेंबरला ढाक्याच्या तुरुंगात ताजुद्दीन, सय्यद नझरुल इस्लाम, मन्सूर अली आणि कमरुझ्झमान यांना गोळ्या घातल्या गेल्या. हंगामी सरकारचा कणा एका रात्रीत मोडला. ७ नोव्हेंबरला खालेद मुशर्रफ मारले गेले. कमालपूरच्या लढाईत पाय गमावलेले अबू ताहेर जुलै १९७६ मध्ये फासावर गेले. त्यांना फासावर देणारे, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले झियाउर रहमान मे १९८१ मध्ये चितगावात मारले गेले, आणि त्यांच्या हत्येचा ठपका असलेले मंझूर लगोलग. खालेद, ताहेर, झिया, मंझूर हे चौघेही मुक्तियुद्धातले सेक्टरचे सेनापती, चौघेही ‘बीर उत्तम’. पाकिस्तानी सैन्याला जे जमले नाही ते त्यांनी एकमेकांचे केले.

झिया यांनी ‘बांगलादेशी राष्ट्रवाद’ मांडला, आणि त्यात लारमांच्या प्रश्नाला निदान कागदावर तरी जागा होती. पण त्यांनी धर्मनिरपेक्षता संविधानातून काढली आणि १९७१ मध्ये पाकिस्तानची बाजू मांडायला संयुक्त राष्ट्रसंघात गेलेले शाह अझीझुर रहमान यांना पंतप्रधान केले. एकाने विजय पक्षाच्या नावावर केला होता, दुसऱ्याने विजयाचा अर्थच पुसट केला. त्यानंतर स्वातंत्र्याची घोषणा नेमकी कोणी केली, मुजीब की झिया, यावर दोन घराणी भांडत राहिली आणि सरकार बदलले की शाळेच्या पुस्तकातला धडा बदलू लागला.

मुजीब यांच्या कन्या शेख हसीना यांच्या पंतप्रधानपदाच्या दीर्घ कारकिर्दीत ती मालकी पुन्हा पहिल्या घराकडे आली. सरकारी नोकऱ्यांतला मुक्तियोद्ध्यांचा ३० टक्के कोटा मुलांना आणि मग नातवंडांना लागू झाला. जुलै २०२४ मध्ये त्याविरुद्ध विद्यार्थी उतरले, तेव्हा पंतप्रधानांनी विचारले की, मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नोकरी द्यायची नाही तर काय राझाकारांच्या नातवंडांना द्यायची? राझाकार म्हणजे १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याला साथ देणारे; मराठवाड्यातल्या वाचकाला त्या शब्दाची धार वेगळी सांगायला नको. ज्या पोरांचे आजे कदाचित सीमेवर लढले असतील, त्यांना त्या एका वाक्याने शत्रूच्या रांगेत उभे केले. १६ जुलैला रंगपुरात अबू सईद हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून भारतात आल्या.

त्यानंतर जे झाले त्याचे समर्थन करता येणार नाही. धानमंडीचे घर जाळले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडूनच टाकले. मेहेरपूरच्या स्मारकातली शिल्पे फोडली. अनेक ठिकाणी हिंदूंच्या घरांवर आणि देवळांवर हल्ले झाले. पक्षावरचा राग त्या पक्षाने बळकावलेल्या स्मृतीवर निघाला, आणि मार त्यांनाही बसला ज्यांचा त्या सत्तेत काही वाटा नव्हता. ज्यांनी ताजुद्दीन यांच्या शपथविधीच्या जागेवर हातोडा चालवला, त्यांनी हसीनांचे तेव्हाचे म्हणणेच खरे मानले: की १९७१ म्हणजे अवामी लीग. हे म्हणणे नाकारायचे असेल तर ती स्मारके आपली म्हणून सांभाळली पाहिजेत.

आपल्याकडे मात्र यावर एकच शेरा मारला गेला: कृतघ्न. आम्ही सैनिक दिले, निर्वासितांना पोसले, आणि ही पोरे बंगबंधू मुजीब यांचे पुतळे पाडतात. सैनिक दिले हे खरे आहे आणि त्यांचे ऋण कोणी नाकारू नये. पण भारतानेही वर्षानुवर्षे १९७१ ला एकाच पक्षाच्या, एकाच घराण्याच्या दारातून पाहिले. मुक्तियुद्धाशी मैत्री म्हणजे हसीनांशी मैत्री असे आपण धरून चाललो, आणि त्या दारावर लोकांचा राग आला तेव्हा आपणही त्याच्या आड उभे होतो. तारामन बीबी, लारमा, उस्मानी, एकटे पडलेले ताजुद्दीन ही माणसेही १९७१ चीच आहेत आणि त्यांचा कोणताही पक्ष आपल्या मैत्रीच्या आड येत नाही. मराठीत ताजुद्दीन यांच्यावर एखादे चांगले चरित्र लिहिले जावे, शांतिबाहिनीच्या वर्षांवर कोणी अभ्यासकाने काम करावे, आणि ढाक्यातल्या तरुणाला कृतघ्न म्हणण्याआधी आपण त्याच्या देशाची १९७२ ते १९७५ ही वर्षे वाचावीत, एवढी विनंती आहे.